गाळणीवर राहिलेलं: महाकाय विषाणूंच्या शोधाच्या प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

विषय एकदाचा ठरला. मॅडमनी याआधी दोनदा नकार दिला होता. त्यांचं म्हणणं रास्तच होतं: एम.एस्सी.च्या दोन सत्रांत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नसलेल्या प्रयोगशाळेत विषाणू वेगळा करायला निघायचं, तर रिकाम्या हाताने परतायची तयारी हवी. शेवटी तडजोड झाली. प्रबंधाचा पहिला भाग अमीबांचा. सांगली आणि आसपासच्या पाण्यातले अकँथअमीबा हे एकपेशी जीव वेगळे करायचे, वाढवायचे, ओळखायचे. एवढं झालं तरी प्रबंध उभा राहतो. दुसऱ्या भागात तेच अमीबा आमिष म्हणून वापरायचे आणि त्यांच्यात वाढणारे महाकाय विषाणू शोधायचे. मिळाले तर मिळाले.

मी एवढा हट्ट का धरला ते आजच लिहून ठेवते, नंतर कामाच्या रगाड्यात विसरायला होईल. बी.एस्सी.ला आम्ही पाठ केलं होतं की विषाणू जिवाणूंच्या गाळणीतून पार होतो आणि साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. या व्याख्येचं मूळ १८९२ सालात आहे. रशियात इव्हानोव्हस्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, आणि त्या गाळलेल्या रसानेही निरोगी रोपं आजारी पडली. तेव्हापासून वाटणीच झाली: गाळणीतून खाली उतरला तो विषाणू, वर अडकला तो जिवाणू. आजही आम्ही ०.२ मायक्रॉनची गाळणी लावतो, खालचं ठेवतो आणि वरचं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने, निर्जंतुक करून फेकतो. शंभर वर्षं विषाणू शोधणारी माणसं गाळणीवरचा भाग फेकत आली, आणि सगळ्यात मोठे विषाणू त्यातच होते. हे वाचलं त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. प्रयोगशाळेत मी आणि परिचर मामा दोघंच. दिवसभर वाचन.

ब्रॅडफर्डची गोष्ट सविस्तर उतरवून घेतली. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या या शहरात न्यूमोनियाची साथ आली. टिमथी रोबॉथम हे सूक्ष्मजीवतज्ज्ञ कूलिंग टॉवरच्या पाण्यात तिचं मूळ शोधत होते. लीजनेला हे जिवाणू अमीबांच्या पोटात वाढतात हे त्यांनीच १९८० मध्ये दाखवलं होतं, त्यामुळे अमीबा उघडून बघण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. या खेपेला अमीबात गोल गोल कण दिसले. जिवाणू ओळखायच्या ग्रॅम रंगात ते जांभळे आले, म्हणून त्यांना गोलाणू मानून ‘ब्रॅडफर्डकॉकस’ असं नाव दिलं गेलं. पण हा गोलाणू कोणत्याही मीडियावर वाढेना. जिवाणूची ओळख पटवणारा १६ एस जनुकही त्यात सापडेना. नमुना पडून राहिला. पुढे तो फ्रान्समध्ये मार्सेलला पोचला, तिथे कोणीतरी तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला, आणि दिसलं वीस पैलूंचं कवच. असं कवच फक्त विषाणूचं असतं.

२००३ मध्ये त्याचं नामकरण झालं: मिमीव्हायरस, म्हणजे सूक्ष्मजीवाची नक्कल करणारा. कवच अर्ध्या मायक्रॉनच्या घरातलं, त्यावर दाट केस, केसांसकट पाऊण मायक्रॉन. २००४ मध्ये त्याचा जीनोम वाचून झाला: ११ लाख ८१ हजार अक्षरजोड्या, नऊशेहून जास्त जनुकं. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा सगळा जीनोम साडेतेरा हजार अक्षरांच्या आसपास असतो. तो शेजारी लिहून पाहिला की फरक ध्यानात येतो. आणि त्या नऊशेंत प्रथिनं बांधायच्या यंत्रणेचे काही भाग होते. प्रथिनाचा सुटा भाग, म्हणजे अमिनो आम्ल, टीआरएनए या वाहक रेणूला जोडणारी चार विकरं! विषाणूकडे हे सामान असतं अशी कोणाला कल्पनाच नव्हती.

अमीबाच का, याचं उत्तरही आकारातच आहे. अमीबा जिवाणूएवढं दिसेल ते गिळतो. लहान विषाणूला पेशीत शिरायला दारावरची खूण पटवावी लागते. मिमीव्हायरस मात्र घासाएवढाच असतो, त्यामुळे यजमान स्वतःच त्याला आत घेतो. आत गेल्यावर कवचाच्या एका टोकावरची पाच पाकळ्यांची चांदणी उघडते, डीएनए पेशीद्रव्यात उतरतो आणि तिथे विषाणूचा कारखाना उभा राहतो. दिवसभरात अमीबा फुटतो, शेकडो कण बाहेर पडतात.

२० सप्टेंबर, शुक्रवार

विसर्जन होऊन तीन दिवस झाले. आज सहा ठिकाणचे नमुने आणले. आयर्विन पुलाजवळच्या घाटावरचं कृष्णेचं पाणी, आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी, विहिरीशेजारच्या गुरांच्या दगडी डोणीतलं शेवाळ, उसाच्या सरीतली ओली माती, एका इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतला गाळ, आणि मुलींच्या वसतिगृहातल्या कूलरच्या तळाचं पाणी. कूलर जूनपासून बंद आहे, पाणी तसंच साचून होतं, वर गुळगुळीत साय आलेली.

प्रत्येकी ५०० मिली. बर्फाच्या डब्यातून सगळं साडेअकराच्या आत प्रयोगशाळेत पोचलं. विहिरीचा नमुना बाबांनी पोहऱ्याने काढून दिला, मी बाटली धरली.

प्लेटा काल ओतून ठेवल्या होत्या. पोषक काहीही नसलेला अगर, त्यावर उष्णतेने मारलेल्या ई. कोलाय जिवाणूंचा थर. मध्यभागी नमुन्याचे थेंब, ३० अंशांना इनक्युबेटर. अमीबाला खायला फक्त कोलाय, बाकीच्यांना जवळपास काहीच नाही.

२४ सप्टेंबर

दिसले! सर्वांत आधी डोणीच्या प्लेटमध्ये. १०एक्सखाली कोलायच्या पांढुरक्या थरात वाटा पडल्या होत्या, शेतात गोगलगाय फिरून गेल्यावर दिसतात तशा. वाटेच्या टोकाला अमीबा. ४०एक्सवर गेले तेव्हा कडेला बारीक काटे दिसले. अकँथअमीबाचं नावच या काट्यांवरून आहे. पोटातला पाण्याचा फुगा हळूहळू भरतो, भरतो, आणि एका क्षणी मिटतो. मग पुन्हा भरायला लागतो. मी जागची हललेच नाही. मामांनी पंखा बंद करून विचारलं, ‘काय गं, झोपलीस का तिथंच?’ त्यांनाही दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, ‘हे खातंय की.’

आजपासून कॉन्टॅक्ट लेन्स बंद, चष्मा सुरू. अकँथअमीबा बुबुळाला संसर्ग करतो आणि लेन्स वापरणाऱ्यांना त्याचा धोका जास्त असतो. त्याच्या कोषाला दुहेरी भिंत असते, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला तो दाद देत नाही. रोज शेकडो कोष हाताळायचे असतील तर हा नियम मोडायचा नाही. मॅडमनी हातमोजे आणि लॅमिनारची (स्वच्छ हवेच्या कपाटाची) शिस्त पुन्हा एकदा समजावून सांगितली.

५ ऑक्टोबर

चार ठिकाणचे अमीबा शुद्ध करता आले: सां-१ (डोण), सां-२ (विहीर), सां-३ (नदी), सां-४ (माती). टाकीच्या प्लेटवर बुरशी आली, दोनदा नव्याने लावूनही हटली नाही, सोडून दिली. कूलरच्या प्लेटवर अमीबा होते, पण दोन पिढ्यांनंतर ते मंदावले आणि गोल झाले. कारण कळलं नाही. प्लेट तशीच चिकटपट्टी लावून फ्रीजमध्ये ठेवली.

सां-१ सगळ्यांत जोमदार. पेप्टोन-यीस्ट-ग्लुकोजच्या द्रवात आठवडाभरात तळ झाकून टाकतो. आमिष म्हणून हाच.

१६ ऑक्टोबर

रात्री साडेनऊ तास लाईट नव्हती. इनक्युबेटर बंद, फ्रीज बंद. सकाळी येईपर्यंत जीव टांगणीला. सां-१ व्यवस्थित. सां-३ चे बरेच कोष झाले होते, ताजा मीडिया दिल्यावर दुपारपर्यंत पुन्हा चालायला लागले.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

प्रयोगशाळा बंद, पण आजची नोंद लिहायलाच हवी.

आत्या आली होती. तिच्या मोबाईलवर कोणीतरी पाठवलेला मजकूर होता: सैबेरियाच्या बर्फातून ‘झॉम्बी विषाणू’ जागे झाले, पुढची महामारी येणार. माझं काम विषाणूंवर आहे हे तिला कळलेलं. फराळाचं ताट बाजूला सारून तिने सरळ विचारलं, ‘तुझ्या त्या कामानं घरात काही आजार नाही ना यायचा?’ ती घाबरलेली होती. कोविडमध्ये तिने घरातलं माणूस गमावलं आहे. म्हणून मीही घाईने उत्तर दिलं नाही, सगळं पहिल्यापासून सांगितलं.

ही जमीन म्हणजे नुसता बर्फ नाही, माती आहे. निदान सलग दोन वर्षं गोठलेली राहिली तर तिला कायमगोठण म्हणतात, आणि सैबेरियात काही थर हजारो वर्षं गोठलेले आहेत. आत अंधार, थंडी, हवा जवळजवळ नाही. २०१२ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी तिथल्या सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या बिळांतली फळं काढली. खारीच्या जातीच्या, जमिनीत राहणाऱ्या प्राण्यांनी ती साठवलेली होती. फळांतल्या उतींपासून त्यांनी रोपं वाढवली, रोपांना पांढरी फुलं आली. इथे आत्या म्हणाली, ‘म्हणजे आपल्या हरिपूरची पेवंच की.’ अगदी बरोबर. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत हवा नाही. सैबेरियाची पेवं त्याहून जुनी आणि गोठलेली, एवढाच फरक.

ती फुलं पाहून मार्सेलच्या झाँ-मिशेल क्लावेरी आणि शांताल अबेर्जेल या शास्त्रज्ञ दांपत्याला वाटलं, फळ टिकतं तर विषाणू का नाही टिकणार? रशियन सहकाऱ्यांकडून त्यांनी चुकोत्कामधल्या, सुमारे ३० मीटर खोलीवरच्या मातीचा नमुना मिळवला. माती अमीबांच्या भांड्यात घातली. काही अमीबा मेले. त्यांच्या पोटात दीड मायक्रॉन लांबीचे, सुरईसारखे कण होते, तोंडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळीदार बूच. २०१४ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं: पिथोव्हायरस सायबेरिकम. पिथोस म्हणजे ग्रीकांचा मोठा रांजण. त्याच नमुन्यातून पुढच्या वर्षी मॉलिव्हायरस मिळाला. २०२३ मध्ये त्यांनी आणखी तेरा विषाणू मांडले. त्यांतला एक याकुतियातल्या एका तळ्याच्या तळाखाली १६ मीटरवर सापडला, थराचं वय किमान ४८,५०० वर्षं. एक मॅमथच्या लोकरीसोबतच्या नमुन्यातला, एक सैबेरियन लांडग्याच्या गोठलेल्या आतड्यातला.

‘मग माणसाला धरणारा का नाही निघाला?’ आत्याचा पुढचा प्रश्न. कारण त्यांनी तो शोधलाच नाही, मी म्हटलं. आमिष म्हणून मुद्दामच अमीबा वापरला. अमीबा आणि माणूस एकमेकांपासून इतके दूर आहेत की अमीबात वाढणारा विषाणू आपल्याकडे सहसा फिरकत नाही. माणसाच्या पेशी आमिष म्हणून लावल्या असत्या तर नको तेच हाती लागायची भीती होती. टिकून राहिलेला विषाणू मिळू शकतो हे सिद्ध करायचं होतं, तेही कोणाला धोका न होता. म्हणून मला या माणसांच्या पद्धतीबद्दल फार आदर वाटतो, आणि त्यांना सापडलेल्या विषाणूंना झॉम्बी म्हटलेलं सहन होत नाही.

पण ‘काहीच भीती नाही’ असंही मी म्हटलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात यामाल द्वीपकल्पात अँथ्रॅक्सने दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले, एक बारा वर्षांचा मुलगाही गेला. तो जिवाणू होता, त्याचे बीजाणू वितळलेल्या जमिनीतून वर आले असावेत असं मानलं जातं, आणि रेनडिअरांचं लसीकरण काही वर्षांपूर्वी थांबवलेलं होतं. काळजी करायची तर अशा गोष्टींची: जमीन वितळते आहे, आणि तिथे राहणाऱ्यांना लस आणि दवाखाना वेळेवर मिळतो का.

आत्याने मग करंजी खाल्ली. जाताना म्हणाली, ‘चष्मा मात्र लाव हो.’

१८ नोव्हेंबर

दुसरा भाग सुरू. दूर सैबेरियात जायची गरज नाही हे मुंबईने आधीच दाखवलंय. आयआयटी मुंबईतल्या किरण कोंडाबागिल यांच्या गटाने पवई तलावाच्या पाण्यातून मेगाव्हायरस काढला. मिमीव्हायरस बॉम्बे आणि कुर्लाव्हायरस ही नावंही तिथलीच. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं की सांडपाणी, तलाव, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि नळाचं पाणी, सगळीकडे या विषाणूंच्या खुणा आहेत. मग कृष्णेकाठीच का नसाव्यात?

पद्धत, जशी आज केली तशी: नमुना आधी साध्या गाळणकागदातून, मग १.२ मायक्रॉनच्या पडद्यातून. खाली आलेलं ०.२ मायक्रॉनच्या पडद्यावर घेतलं आणि *पडद्यावर राहिलेलं* थोड्या क्षारद्रावणात खरवडून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच गाळणीचा खालचा भाग टाकून दिला. २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये सां-१, मिलीलीटरला सुमारे ५ लाख, तळाला चिकटल्यावर १०० मायक्रोलीटर नमुना. सोबत ॲम्पिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि बुरशीनाशक. प्रत्येक नमुन्याला तीन खळगे. तीन खळगे नुसत्या अमीबांचे, तीन ०.२ मधून पार झालेल्या पाण्याचे.

एक उणीव आहे आणि ती प्रबंधात स्पष्ट लिहायची: आमच्याकडे माहीत असलेला महाकाय विषाणू नाही, म्हणजे ‘होय’ कसं दिसतं ते दाखवणारा कंट्रोल नाही. मॅडमचं यावर म्हणणं मला पटलं. ज्या प्रयोगशाळेत असा विषाणू कधी आलाच नाही, तिथे तो उगवला तर तो आमच्याच फ्रीजमधून सांडला अशी शंका कोणी घेणार नाही. प्राचीन मातीवर काम करणाऱ्यांना ही शंका सतत दूर करावी लागते.

२५ नोव्हेंबर

काही नाही. अमीबा सगळीकडे मजेत. प्रत्येक खळग्यातलं थोडं द्रव ताज्या अमीबांवर घातलं. दुसरी फेरी.

२ डिसेंबर

काही नाही. तिसरी फेरी.

१० डिसेंबर

कूलरच्या तिन्ही खळग्यांत अमीबा गोल झाले आहेत. दोन खळग्यांत तळ जवळजवळ मोकळा, पाण्यात बारीक कणांचा धुरळा. नुसत्या अमीबांचे खळगे ठीक. ०.२ मधून पार झालेलं पाणी घातलेले खळगेही ठीक.

पुन्हा लिहिते, नीट: जे काही अमीबांना मारतंय ते ०.२ च्या गाळणीवर राहतं, एका फेरीतून दुसरीत जातं, वाढतं. हात थरथरत होते. मॅडमना फोन केला. त्या लग्नाच्या मांडवात होत्या, तरी म्हणाल्या, ‘अर्ध्या तासात येते. तोवर काही नाव ठेवू नकोस.’

१४ डिसेंबर

नाव न ठेवणं फार अवघड गेलं. चार दिवस जेवतानाही तेच. विषाणू असेल तर त्याला काय म्हणायचं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. ते पान मी फाडलेलं नाही.

आज रंग दिले. गिम्सा रंगामध्ये अमीबाच्या आत एका बाजूला दाट पोकळी, तीत गर्दी. विषाणूचा कारखाना असाच एका जागी दिसतो, म्हणून आधी आनंद झाला. पण तेलाच्या लेन्सखाली कण गोल वाटेनात. आखूड काड्या वाटतात. ग्रॅममध्ये गुलाबी. मिमीव्हायरस जांभळा घेतो. पण त्याचं नातेवाईक कुटुंब मोठं आहे, पँडोराव्हायरस लंबगोल असतो, एक मायक्रॉनचा. म्हणून एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: ‘ॲम्पिसिलिन अमीबाच्या पोटात किती पोचतं?’

फारसं नाही. म्हणजे अमीबाच्या पोटात शिरलेला जिवाणू आमच्या औषधांपासून तिथे सुरक्षित राहिला असू शकतो.

२० डिसेंबर

सिप्रोफ्लॉक्सासिन पेशीच्या आत पोचतं. सहा खळगे सिप्रोसह, सहा सिप्रोविना, सगळ्यांत कूलरचा तोच द्रव. विषाणूला या औषधाने काही फरक पडायला नको.

पाच दिवसांनी: सिप्रोविना सहाही खळगे रिकामे. सिप्रोसह सहाही खळग्यांत अमीबा पसरलेले, काटे काढून फिरणारे.

जिवाणूच आहे.

मी बराच वेळ सिप्रोचे खळगे बघत बसले. निकाल स्वच्छ आहे, सहाला सहा, त्यात काही अडखळ नाही. प्रयोग चांगला झाला हे कळत होतं आणि रडूही येत होतं. मामांनी चहा आणला आणि काही विचारलं नाही.

८ जानेवारी २०२५

पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून बघायची चाचणी, झाला. १६ एस जनुकाचा पट्टा जेलवर ठळक. निरोगी सां-१ च्या डीएनएची वेगळी लेन ठेवली होती, कारण अमीबाच्या मायटोकॉन्ड्रियातलं तशाच जातीचं जनुक कधी कधी फसवतं. ती लेन कोरी. पट्टा कापून सिक्वेन्सिंगला पाठवला.

ब्रॅडफर्डच्या कणांत हेच जनुक सापडत नव्हतं, आणि त्या ‘नाही’चा अर्थ लागायला अकरा वर्षं गेली. आमच्याकडे एका जेलमध्ये ‘आहे’ आलं. आता मला रोबॉथमबद्दल आधीपेक्षा जास्त वाटतं. जे कशातच बसत नव्हतं, तो नमुना त्यांनी फेकला नाही.

११ फेब्रुवारी

सिक्वेन्स आला. लीजनेला. एवढ्या तुकड्यावरून प्रजाती सांगता येत नाही, पण वंशाबद्दल शंका नाही. लीजनेला शोधताना रोबॉथम यांच्या हाती विषाणू लागला होता. मी विषाणू शोधायला निघाले आणि लीजनेलापाशी पोचले.

मॅडम म्हणाल्या, आता हा प्रबंधाचा मुद्दा नाही, वसतिगृहाचा आहे. लीजनेला पाण्याच्या तुषारांतून श्वासात जातो, न्यूमोनिया करतो. आमची प्रजाती रोगकारक आहे की नाही ते ठरलेलं नसलं तरी उन्हाळ्यात तोच कूलर मुलींच्या तोंडावर वारा मारणार. आजच वॉर्डनबाईंना लेखी कळवलं.

३ मार्च

सगळे कूलर रिकामे करून, घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून झाले. गवताच्या जाळ्या नव्या. आम्ही आठ जणी आणि वॉर्डनबाई. तळाशी बोटभर गाळ निघाला. महिन्यातून एकदा पाणी पूर्ण काढायचं, आणि मोसम संपला की कूलर कोरडा करून ठेवायचा, असं ठरलं. तक्ता जिन्यात लावलाय.

२४ मार्च

तोंडी परीक्षेची तालीम. मॅडमनी बाहेरच्या परीक्षकांसारखे प्रश्न टाकले. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो ‘हे विषाणू म्हणजे सजीवांची चौथी शाखा का?’ या प्रश्नावर.

माझं उत्तर लिहून ठेवते. मिमीव्हायरसच्या शोधानंतर ही कल्पना जोरात मांडली गेली: जिवाणू, आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळे सूक्ष्मजीव) आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेले, आपल्यासारखे) यांच्या बाजूला आणखी एक, लोप पावलेली फांदी, आणि हे विषाणू म्हणजे तिचे झिजलेले वारस. २०१३ मध्ये पँडोराव्हायरस आला, चिलीच्या किनाऱ्यावरचा जवळपास २५ लाख अक्षरजोड्यांचा आणि मेलबर्नच्या तळ्यातला १९ लाखांचा. त्यांची बहुतेक जनुकं कोणाशीच जुळेनात, तेव्हा कल्पनेला आणखी बळ आलं. पण २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या सांडपाण्यातून क्लोसन्यूव्हायरसचे जीनोम जुळवले गेले. त्यांत प्रथिनबांधणीचं सामान भरपूर होतं, आणि एकेका जनुकाची वंशावळ काढल्यावर ते वेगवेगळ्या यजमानांकडून, वेगवेगळ्या वेळी उचललेलं निघालं. म्हणजे मोठ्या वाड्याचे हे उरलेले खांब नव्हेत. लहान घराला पिढ्यान्‌पिढ्या खोल्या जोडत गेल्यासारखं आहे. मला हे दुसरं चित्र जास्त पटतं. मॅडमना अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि आम्ही संध्याकाळी साडेसातपर्यंत भांडलो. एवढं चांगलं भांडण या दोन वर्षांत झालं नव्हतं.

स्पुटनिक या विषाणूचा प्रश्नही येणार. पॅरिसच्या कूलिंग टॉवरमधल्या मामाव्हायरस या महाकाय विषाणूसोबत २००८ मध्ये सापडलेला, ५० नॅनोमीटरचा. मोठ्या विषाणूच्या कारखान्यात घुसून स्वतःच्या प्रती काढतो आणि त्याची पैदास बिघडवतो. विषाणूला आजारी पाडणारा विषाणू. हे सांगताना माझा आवाज दर वेळी चढतो. तो आवरायचा नाही असं ठरवलंय.

१९ एप्रिल २०२५

प्रबंध काल जमा झाला. शीर्षकात ‘शोध’ आहे, ‘सापडले’ नाही. निष्कर्षात लिहिलंय: सहा नमुने, तीन फेऱ्या, महाकाय विषाणू मिळाला नाही, चार अकँथअमीबा प्रकार, एक अमीबात वाढणारा लीजनेला.

पुढच्या वर्षी जी किंवा जो हे काम घेईल त्यांच्यासाठी:

सां-१ ते सां-४ चे कोष तिरप्या अगरवर, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. एकेक तुकडा ताज्या प्लेटवर ठेवलात की दोन-तीन दिवसांत उठतात. सहा महिन्यांनी नवे तिरपे अगर लावायला विसरू नका. लीजनेलाच्या नळ्या वेगळ्या, लाल पट्टीच्या, मॅडमच्या परवानगीशिवाय उघडायच्या नाहीत. सुरुवातीपासून सिप्रो वापरा, आमचे दहा दिवस त्यात गेले. शक्य झालं तर मुख्य कवचप्रथिनाच्या जनुकाचे प्रायमर मागवा, खळगा रिकामा व्हायची वाट बघावी लागणार नाही. नमुने पावसाळ्याच्या तोंडाशी घ्या, आम्ही उशीर केला. टाकीच्या गाळाला बुरशीनाशकाचं प्रमाण वाढवून पुन्हा बघा.

विहीर, डोण आणि नदी या तिन्ही नमुन्यांचा गाळणीवर राहिलेला भाग वजा २० ला आहे. निळा डबा, उजवीकडचा वरचा कप्पा. किल्ली मामांकडे. झाकणावर लिहिलंय: टाकू नये.